पहिली मोटारसायकल निवडताना

खेड्यापाड्यांपर्यंत पक्के रस्ते पोहोचल्यापासून मोटारसायकल ही चैनीची वस्तू उरलेली नाही. शिक्षक शाळेत जातात ते तिच्यावरून, दूध डेअरीवर पोहोचते ते तिच्यावरून आणि अवेळी आजाऱ्याला आरोग्य केंद्रात न्यावयाचे झाल्यास दारात उभी असते तीही तीच. असे असूनही ती विकत घेताना बहुतेक घरांत दोनच प्रश्न विचारले जातात: गाडी किती सी.सी.ची, आणि लिटरमागे किती धावते? जो प्रथमच मोटारसायकल हाती घेणार आहे, त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न तिसराच आहे. ही गाडी त्याला थांबविता आणि सावरता येईल काय?

प्रथम सी.सी. म्हणजे काय ते पाहू. सिलिंडरमध्ये दट्ट्या वरून खाली येताना जेवढी जागा मोकळी करतो, तिचे घन सेंटीमीटरमधील माप म्हणजे सी.सी. होय. सिलिंडरचा आतील व्यास ५ सेंटीमीटर व दट्ट्याची चाल ४.९५ सेंटीमीटर असेल, तर वृत्तचितीच्या घनफळाच्या सूत्राने उत्तर ९७.२ येते. (विद्यार्थ्यांकडून वर्गात करवून घेण्याजोगे हे उदाहरण आहे.) १९८५ साली बाजारात आलेल्या हीरो होंडा सीडी १०० ह्या चार स्ट्रोकच्या गाडीचे इंजिन नेमके एवढेच होते, आणि त्याच मापाचे इंजिन आजही नव्या गाड्यांत बसविले जाते. तात्पर्य, 'शंभर सी.सी.' ही नवशिक्याची तात्पुरती सोय नव्हे. कित्येक कुटुंबांचा संसार तिने वाहिला आहे.

इंजिन वाढले की त्याबरोबर वजन वाढते, आणि ह्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ह्या वर्गातील गाडीचे वजन सुमारे ११० ते ११५ किलो भरते, तर ३५० सी.सी.च्या गाड्या १८० ते १९५ किलोंच्या घरात जातात. नवशिक्याची गाडी बहुधा भर वेगात कलंडत नाही. ती कलंडते अंगणात वळविताना, चढावर थांबल्यावर, किंवा पाय टेकला तेथे नेमकी ओली माती असल्यावर. अशा वेळी सत्तर-ऐंशी किलोंचा फरक म्हणजे गाडी सावरणे आणि तिच्याखाली पाय सापडणे ह्यांतील फरक ठरतो. म्हणून दुकानात गेल्यावर विक्रेत्याचे बोलणे ऐकण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. सीटवर बसून दोन्ही पावले टाचेसकट जमिनीला टेकतात काय ते पाहावे. इंजिन बंद ठेवून गाडी थोड्या चढावर मागे ढकलून पाहावी. आणि ती एकट्याने मधल्या स्टँडवर चढवून पाहावी. ह्या तीनही गोष्टी जो चालविणार त्यानेच करावयाच्या, त्याच्या वडिलांनी अथवा मामांनी नव्हे.

आता वेगाकडे वळू. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत हा एक सेकंद सहज जातो, आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर मध्यम दाबाने ब्रेक लावल्यास आणखी सुमारे १२ मीटर लागतात. एकूण २३ मीटर. वेग ६० केला, म्हणजे केवळ दीडपट, तर हेच अंतर सुमारे ४४ मीटर होते, कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पावसाळ्यात जांभ्याचा चिखल रस्त्यावर वाहून आलेला असताना ते ह्याहूनही लांबते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरील नव्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी ए.बी.एस. व्यवस्था सक्तीची झाली. त्या नियमात त्याखालील गाड्यांना ती किंवा दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सी.बी.एस. व्यवस्था पुरेशी धरली होती. जुनी गाडी घेताना ह्यांपैकी काय आहे, हे आवर्जून विचारावे.

"लहान घेतली तर पुढे पुरणार नाही" हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलींवरून उतारू नेणाऱ्या पायलटांना ह्याबाबत अवश्य विचारावे; गाडीवर पोट असलेला मनुष्य तिच्याविषयी हौसेने बोलत नाही, हिशेबाने बोलतो. मात्र ज्यांना रोज चोर्ला किंवा अनमोड घाट दोघांनी चढावयाचा आहे, त्यांनी १२५ सी.सी.चा विचार करणे योग्य. वजन फारसे न वाढता चढावर जोर मिळतो. उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देण्याची प्रथा सर्वस्वी घातक आहे. इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो व सगळा भार ब्रेकवर पडून ते तापतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, साधारणतः त्याच गिअरमध्ये उतरावे. पहिले काही महिने मागे कोणाला बसवू नये, हेही येथेच सांगणे इष्ट.

कायद्याबाबत पालकांत बराच गैरसमज आढळतो. गिअरच्या मोटारसायकलीसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. सोळाव्या वर्षाची सवलत केवळ ५० सी.सी.पर्यंतच्या वाहनांना आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. उच्च माध्यमिक शाळांच्या पालकसभेत शिक्षकांनी ही तरतूद वाचून दाखविल्यास बरे होईल. गाडीच्या अंदाजपत्रकात भारतीय मानक चिन्हाच्या दोन हेल्मेटांची रक्कम प्रथमच धरावी, उरल्यास नव्हे.

सीमाभागात जुनी गाडी पलीकडच्या राज्यातून स्वस्त मिळते. अशा व्यवहारात मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि विक्रेत्याच्या सहीचे नमुना २९ व ३० घेतल्याविना पूर्ण रक्कम देऊ नये. गाडीवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याची नोंद नोंदणी पुस्तकात पाहून घ्यावी.