निरागसता म्हणजे अज्ञान नव्हे



इंग्लंडमधील सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत सप्टेंबर २०२० पासून नातेसंबंध व आरोग्य हे विषय सक्तीचे झाले. माध्यमिक वर्गांत लैंगिक शिक्षणही आले. तेथील कॅथोलिक शाळांनाही हा नियम लागू आहे. मात्र त्या हा विषय श्रद्धेच्या प्रकाशात शिकवू शकतात. धोरण ठरवताना पालकांचे मत घेणे शाळेवर बंधनकारक आहे.

आपण याकडे कसे पाहावे? कोणी नको तसा स्पर्श केला तर कोणाला सांगावे, हे ज्या लेकराला ठाऊक नाही, ते निरागस असले तरी सुरक्षित नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच मुलांना वयानुरूप, विवेकी लैंगिक शिक्षण मिळावे असे म्हटले. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला.

म्हणून अशा शाळांना आपण साथ द्यावी. पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नये. शाळा माहिती देईल. प्रेम, संयम आणि दिलेला शब्द पाळणे मुले आईवडिलांकडे पाहूनच शिकतात. मुलांनी प्रश्न विचारला, तर या आठवड्यापासून त्यांना गप्प न बसवता आपण शांतपणे उत्तर देऊ या.