‘चार्ज’ : शब्द एक, अर्थ अनेक

इंग्रजी भाषेतील काही शब्द मराठीच्या दैनंदिन व्यवहारात इतके रुळले आहेत की, ते परके असल्याची जाणीवही होत नाही. ‘चार्ज’ हा त्यांपैकीच एक होय. नवा अधिकारी ‘चार्ज’ घेतो, पोलीस ‘चार्जशीट’ दाखल करतात, वीजबिलात निरनिराळे ‘चार्ज’ लागतात आणि मोबाइलही ‘चार्ज’ करावा लागतो. शब्द तोच, परंतु प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. तो नीट न उमगल्यास नागरिकाचे प्रसंगी मोठे नुकसान होऊ शकते.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘गाडी’ या अर्थाच्या शब्दापासून ‘गाडीवर ओझे लादणे’ या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि ते फ्रेंच भाषेच्या मार्गाने इंग्रजीत आले. ‘कार’ आणि ‘कार्गो’ हे शब्दही याच कुळातील आहेत. ओझे ही मूळ कल्पना ध्यानी घेतली, म्हणजे ‘चार्ज’च्या बहुतेक अर्थांचा उलगडा होतो.

कार्यालयात जबाबदारीचे ओझे स्वीकारावयाचे असते. म्हणून तेथे ‘कार्यभार’ हा शब्द योग्य ठरतो. वीजबिलात ग्राहकावर रकमेचा भार पडतो. तेथे ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ असे शब्द वापरले जातात. भौतिकशास्त्रात मात्र ‘विद्युत प्रभार’ असे म्हणतात.

न्यायालयीन व्यवहारात ‘चार्ज’ म्हणजे दोषारोप. तपास पूर्ण झाल्यावर पोलीस न्यायालयात दोषारोपपत्र सादर करतात. त्यानंतर न्यायालय कागदपत्रे तपासून दोषारोप निश्चित करते. या दोन निरनिराळ्या पायऱ्या होत. दोन्हींपैकी कोणत्याही पायरीवर आरोपी दोषी ठरत नाही. दोषारोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. ‘चार्जशीट झाली’ एवढे ऐकून एखाद्यास गुन्हेगार मानणे हा त्याच्यावर अन्याय होय.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अर्थ जमिनीशी निगडित आहे. एकाची स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या येणे रकमेसाठी तारण ठरते, परंतु तो व्यवहार गहाण या सदरात मोडत नाही, तेव्हा त्या मालमत्तेवर ‘चार्ज’ निर्माण होतो, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मध्ये सांगितले आहे. जमिनीवरील कर्जाच्या भाराला गावच्या बोलीत ‘बोजा’ म्हणतात. सात-बारा उताऱ्यातील ‘इतर हक्क’ या रकान्यात त्याची नोंद आढळते. केवळ मालकाचे नाव पाहून जमीन खरेदी करणाऱ्याच्या पदरी पूर्वीच्या मालकाच्या कर्जाचे ओझेही पडू शकते. म्हणून व्यवहारापूर्वी हा रकाना अवश्य वाचावा. कर्जदारानेही कर्ज फिटताच तसा दाखला घेऊन महसूल दप्तरातील बोजाची नोंद कमी करून घ्यावी.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा झाली. राजभाषेचा वापर म्हणजे इंग्रजी शब्द केवळ देवनागरीत लिहिणे नव्हे. जेथे इंग्रजी एकाच शब्दावर काम भागवते, तेथे मराठीजवळ कार्यभार, आकार, प्रभार, दोषारोप आणि बोजा असे पाच स्वतंत्र शब्द आहेत. योग्य ठिकाणी योग्य शब्द वापरला, तर कागद हाती पडताच नागरिकाला आपली जबाबदारी कोणती आणि आपला हक्क कोणता, हे कळू शकेल.