देऊळ पाहावे कसे?
सुट्टीतील कौटुंबिक सहलीसाठी एक पाठ

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या भागातील अनेक कुटुंबे देवदर्शनाला बाहेर पडतात. ज्योतिबा, कोल्हापूरची अंबाबाई, नरसोबाची वाडी, सौंदत्तीची यल्लम्मा ही आपली नेहमीची ठिकाणे. त्यांच्या जोडीला खिद्रापूर, बदामी, पट्टदकल, कार्ले, वेरूळ अशी प्राचीन स्थळे पाहण्याकडेही पालकांचा कल वाढला आहे, ही समाधानाची बाब आहे. मात्र शाळा सुरू झाल्यावर मुलांना "काय पाहिलेत?" असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एका दमात संपते. "मोठे देऊळ होते, खूप पायऱ्या होत्या, फोटो काढले." ज्या वस्तूचे नाव माहीत नाही ती डोळ्यांना दिसते, पण लक्षात राहत नाही. म्हणून या अंकात आम्ही हा छोटा पाठ देत आहोत. घरातील वडीलधाऱ्यांनीही तो मुलांबरोबर वाचावा, अशी विनंती आहे.

पाठ देण्यास आणखी एक कारण आहे. सहलीच्या गाडीत एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "हे देऊळ आपले की त्यांचे?" सीमाभागात वाढणाऱ्या मुलाच्या तोंडी हा प्रश्न येणारच. तो हसण्यावारी नेऊ नये. त्याचे उत्तर देवळाच्या दगडावरच लिहिलेले असते आणि ते वाचायला शिकवणे हे शाळेचे व घराचे काम आहे.

आधी शब्द शिकू

देवळात शिरताना बाहेरून आत या क्रमाने पाहावे. ज्या उंच दगडी बैठकीवर देऊळ उभे असते ते जोते. पुढचा लहान मंडप म्हणजे मुखमंडप, त्यानंतर खांबांचा सभामंडप, मग अरुंद अंतराळ आणि शेवटी गाभारा म्हणजेच गर्भगृह. गाभाऱ्याच्या दारावर वरच्या बाजूस मधोमध एक लहानशी मूर्ती असते, तिला ललाटबिंब म्हणतात. देऊळ मुळात कोणत्या देवाचे किंवा पंथाचे, हे ओळखण्यास तिचा पुष्कळदा उपयोग होतो.

गाभाऱ्यावरील शिखर पाहावे. बाक घेत उभ्या रेषांनी वर निमुळते होत जाणारे शिखर नागर पद्धतीचे. मजल्यावर मजला रचत पायरीपायरीने लहान होणारे शिखर द्राविड पद्धतीचे. एवढा एक फरक मुलाला कळला तरी पट्टदकलला गेल्यावर त्याला कुणी काही सांगण्याची गरज उरत नाही.

बौद्ध लेण्यांत तीन शब्द लागतात. स्तूप म्हणजे भरीव घुमटाकार रचना. तिच्या आत जाता येत नाही, तिला प्रदक्षिणा घालतात. स्तूप असलेले प्रार्थनेचे दालन म्हणजे चैत्यगृह. भिक्षूंच्या निवासाची जागा म्हणजे विहार. विहारात मध्ये चौक व भोवती लहान खोल्या असतात. त्या खोल्यांतील दगडी ओटे मुलांना अवश्य दाखवावेत. भिक्षू त्यांवरच झोपत.

एका दिवसाची सहल : खिद्रापूर

निपाणी, चिकोडी भागातून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असे हे ठिकाण आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी, अगदी राज्याच्या सीमेवर कोपेश्वराचे देऊळ आहे. वाटेत नरसोबाची वाडी व कुरुंदवाड लागते. बाराव्या शतकात शिलाहार राजांच्या काळात या देवळाचे मुख्य काम झाले. पुढचा स्वर्गमंडप मुद्दाम पाहावा. त्याच्या छताला मधोमध गोल मोकळीक ठेवली आहे आणि तिच्या बरोबर खाली जमिनीवर त्याच आकाराची गोल शिळा आहे. ऊन त्या शिळेवर उतरते ते मुलांना शांतपणे पाहू द्यावे. मंडपाचे ४८ खांब मोजायला सांगावे. बाहेरच्या बाजूस जोत्यावर हत्तींची रांग आहे, तिला गजपीठ म्हणतात. हत्तींच्या पाठीवर सारे देऊळ तोलले आहे अशी ही कल्पना आहे.

गाभाऱ्यात कोपेश्वर म्हणजे शिव आणि धोपेश्वर म्हणजे विष्णू अशी दोन लिंगे आहेत. देऊळ शंकराचे असून समोर नंदी मात्र नाही. लोककथा अशी की, दक्षाच्या यज्ञात सतीने देह ठेवला तेव्हा शंकर कोपला, विष्णूने त्याची समजूत काढली. सतीबरोबर गेलेला नंदी मात्र पलीकडे यडूरलाच राहिला. यडूर आज चिकोडी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात आहे. देव एका राज्यात आणि त्याचा नंदी दुसऱ्या राज्यात! ही कथा रचणाऱ्यांना दोन्ही काठ एकाच अंगणातले वाटत होते, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

देवळाच्या दक्षिण दाराजवळ भिंतीवर देवनागरी लिपीतील संस्कृत लेख आहे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाचा हा लेख शके ११३६ चा, म्हणजे इ.स. १२१३-१४ चा आहे. याच देवळात जुन्या कन्नडातील लेखही आहेत. एका देवळाला दोन लिप्यांत आपली हकिगत सांगण्यात काही अडचण वाटली नाही.

येथे एक गैरसमजही दूर करता येतो. काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की आपण त्याला सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री पंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील यादवांचा मंत्री होता. कोपेश्वराचे देऊळ त्याच्या आधी उभे होते, हे सिंघणाच्या लेखावरूनच सिद्ध होते. तसेच "पांडवांनी एका रात्रीत बांधले" असे कुणी सांगितले तर ते ऐकून घ्यावे, कारण लोककथाही जपण्यासारखी असते. पण त्यानंतर शिलालेख कुठे आहे ते विचारावे.

घराजवळचे : बेळगावचा किल्ला आणि हलशी

किल्ल्यात आपण कितीदा तरी जातो, पण कमल बस्ती पाहिलेली मुले थोडी. सौंदत्तीच्या रट्ट राजांनी पुढे वेणुग्राम म्हणजे बेळगाव येथे राजधानी आणली. चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास ही जैन बस्ती बांधली. मंडपाच्या छतातून खाली उमललेल्या दगडी कमळावरून तिला हे नाव मिळाले. आत नेमिनाथ तीर्थंकरांची मूर्ती आहे. त्याच किल्ल्यात दुर्गादेवीचे मंदिर आणि साफा मशीदही आहे. एका तासात तीन धर्मांची वास्तू पाहता येईल, अशी जागा आपल्या गावातच आहे.

खानापूर तालुक्यातील हलशी म्हणजे प्राचीन पलाशिका, कदंब राजांचे नगर. तेथील बाराव्या शतकातील भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकाच मंडपात उभे राहून दोन्हीकडे दर्शन घेता येते.

दोन मुक्कामांची सहल : मलप्रभेच्या काठाने

मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. तिच्याच खोऱ्यात पुढे ऐहोळे व पट्टदकल आहेत आणि बदामीही जवळच आहे. बेळगावहून बदामी सुमारे दीडशे किलोमीटर आहे. बदामी ही चालुक्यांची राजधानी, तेव्हाची वातापी. तेथे तांबड्या वालुकाश्मात चार लेणी आहेत. पहिले शिवाचे, दुसरे व तिसरे विष्णूचे, चौथे जैन. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके ५००, म्हणजे इ.स. ५७८ चा लेख आहे.

ऐहोळ्याच्या टेकडीवर मेगुती हे जैन मंदिर आहे. तेथील रविकीर्तीच्या शके ५५६ म्हणजे इ.स. ६३४-३५ च्या संस्कृत प्रशस्तीत दुसऱ्या पुलकेशीला तीन 'महाराष्ट्रकां'चा स्वामी म्हटले आहे. आपल्या प्रदेशाचे नाव इतक्या जुन्या लेखात, आणि तेही आजच्या कर्नाटकात कोरलेले! त्याच टेकडीच्या चढावर दुमजली बौद्ध मंदिर आहे. वरच्या मजल्याच्या छतावर बुद्धाची आकृती कोरलेली आहे. खाली गावात 'दुर्ग मंदिर' आहे. हे नाव दुर्गादेवीवरून आलेले नाही, तर शेजारच्या दुर्गावरून म्हणजे किल्ल्यावरून पडले. त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे. हा गोलावा लक्षात ठेवावा, तो पुन्हा कार्ल्याला भेटणार आहे.

पट्टदकल १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथे नागर व द्राविड दोन्ही शिखरे एकाच आवारात दिसतात. विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकात राणी लोकमहादेवीने बांधविले. तिचा पती दुसरा विक्रमादित्य याने कांचीच्या पल्लवांवर विजय मिळविला, त्याची ही आठवण. देवळावरील लेखात गुंड या सूत्रधाराचे नाव सन्मानाने कोरले आहे. बांधविणाऱ्या राणीबरोबर बांधणाऱ्या कारागिराचेही नाव टिकले, ही गोष्ट विश्वस्त व पालकांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे. आणि कांची जिंकूनही विक्रमादित्याने तेथील कैलासनाथाचे धन लुटले नाही, देवाला परत दिले. तसा कन्नड लेख कांचीच्या त्या देवळात आजही आहे.

मोठ्या सुट्टीसाठी : कार्ले आणि वेरूळ

लोणावळ्याजवळ कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. दोन्ही बाजूंच्या व स्तूपामागच्या मिळून ३७ खांबांची रांग मागे अर्धगोल वळते. ऐहोळ्याच्या दुर्ग मंदिराचा गोलावा तो हाच. वर छताला प्राचीन लाकडी कमानी अजून आहेत. दारातच एकवीरा देवीचे मंदिर आहे. नवस फेडायला आलेली कुटुंबे आणि लेणी पाहायला आलेले विद्यार्थी एकाच पायऱ्या चढतात.

कार्ल्याच्या दर्शनी भागातील ब्राह्मी लेख सांगतो की, हे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण केले. वैजयंती म्हणजे बनवासी, आजच्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात. इतक्या दूरच्या व्यापाऱ्याने आपला पैसा मावळातील डोंगरात भिक्षूंसाठी खर्च केला.

वेरूळला ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सोळावे कैलास लेणे एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले. ते राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील असून त्याची रचना पट्टदकलच्या विरूपाक्षाशी मिळतीजुळती आहे. पट्टदकल आधी पाहिलेल्या मुलाला कैलासासमोर उभे राहताच ओळख पटते. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून निघावे.

मग देऊळ कुणाचे?

ऐहोळ्याच्या लेखात 'महाराष्ट्रक' आहे हे आपण अभिमानाने सांगतो. पण नवव्या शतकातील 'कविराजमार्ग' हा कन्नड ग्रंथ कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो, हेही खरे आहे. ज्याला केवळ भांडण जिंकायचे आहे तो यांतील एक वाक्य उचलतो आणि दुसरे लपवतो. विद्यार्थ्याने दोन्ही वाचावीत. १९५६ साली आखलेली रेषा त्या काळच्या कोणत्याही दगडावर नाही. सीमाभागातील मराठी माणसाची मागणी ही आज येथे राहणाऱ्या लोकांच्या भाषेची व इच्छेची आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. ती मागणी आपल्या जागी ठाम आहे. तिला बळ देण्यासाठी एखादे देऊळ 'त्यांचे' म्हणून सोडून देण्याची गरज नाही.

म्हणूनच यंदाच्या शैक्षणिक सहलीसाठी खिद्रापूरबरोबर पट्टदकलचेही नाव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवले आहे. काही पालकांनी विचारले की, मराठी शाळेची सहल रायगडाला जावी, कर्नाटकातील देवळांकडे कशासाठी? रायगडाला आपण जातोच आणि जाणारच. पण ज्या नदीचे पाणी खानापुरात उगम पावते तिच्या काठची देवळे आपल्या मुलांना परकी वाटावीत, यात मराठीचे काही भले नाही.

आणखी एक सांगायचे आहे. "कन्नड विषय आम्हाला कशाला?" असे काही विद्यार्थी कुरकुरतात. घरी मराठी, शाळेत मराठी, आणि तिच्या जोडीला कन्नड लिपी येणे हे आपल्या मुलांचे जास्तीचे धन आहे. जुने कन्नड लेख आजच्या कन्नडाने सहज वाचता येत नाहीत, पण काही अक्षरे ओळखू येतात. खिद्रापूरच्या दोन्ही लेखांसमोर उभे राहून दोन्हींतील अक्षरे ओळखणारे मूल पुण्या-मुंबईत सहसा मिळणार नाही, आपल्या शाळेत मिळेल. आपल्या मराठीवर ज्याचा विश्वास आहे त्याला दुसरी लिपी शिकताना भीती वाटत नाही.

पाहताना पाळावयाचे नियम

१. शिलालेखावर खडू, पावडर, तेल, पाणी काहीही लावू नये. अक्षरावरून बोटही फिरवू नये.
२. मूर्तींवर हात ठेवून किंवा जोत्यावर चढून फोटो काढू नये. यांतील बहुतेक वास्तू कायद्याने संरक्षित आहेत.
३. पूजा चालू असलेल्या गाभाऱ्यात तेथील रीत पाळावी. चैत्यगृहातही तितकीच शांतता राखावी. तेथे आरडाओरड करून आवाज घुमतो का ते पाहू नये.
४. पालकांनी निदान एका ठिकाणी तरी अर्धा तास बसावे. पाच स्थळे धावत पाहण्यापेक्षा दोन नीट पाहिलेली बरी.

स्वाध्याय

१. पाहिलेल्या एका देवळाचा आराखडा वहीत काढून जोते, मंडप, अंतराळ, गाभारा दाखवा.
२. शिखर नागर की द्राविड ते लिहा व कारण द्या.
३. देवळात एखादा लेख असल्यास त्याची लिपी कोणती, राजा कोणता, शक कोणता हे माहितीफलकावरून टिपून घ्या. शकात ७८ मिळवून इसवी सन काढा.
४. आपल्या गावातील सर्वांत जुन्या देवळाविषयी आजी-आजोबांना विचारून दहा ओळी लिहा. कथा व पुरावा वेगवेगळे लिहा.

वह्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. चांगले आराखडे शाळेच्या भित्तिपत्रकावर लावले जातील.