लॉगबुकवरची सही

प्रश्न : मुलगी एमबीबीएसला आहे. क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमामुळे सतत लॉगबुकवर सह्या घेत फिरते. अशाने डॉक्टर घडतो का?

उत्तर : सह्यांनी नाही घडत, सही ज्याची साक्ष असायला हवी, त्याने घडतो. एकेक कौशल्य करून दाखवल्यावर लॉगबुकवर सही मिळवण्याचा हा अभ्यासक्रम भारतीय वैद्यक परिषदेने 2019च्या तुकडीपासून लागू केला. सलाइन लावण्यावर दोन पानं लिहिणाऱ्याला पेशंटच्या हाताची शीर सापडेलच असं नाही, हे त्यामागचं साधं कारण. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1990मध्ये याची उतरंडच मांडली होती : माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात करणं. लेखी परीक्षा पहिल्या दोन थरांवरच थांबते. कौशल्यांचे असे तुकडे पाडले की माणूस म्हणून डॉक्टर हरवतो, हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा वेगळा भाग अभ्यासक्रमात आहे. (तिथेही नुसती खूण करून मोकळं होता येतं, हे खरं.) माझ्या मते खरी अडचण ठरावीक वेळेची आहे. अमेरिकेतल्या वेस्टर्न गव्हर्नर्स विद्यापीठात क्षमता सिद्ध झाली की विद्यार्थी पुढे सरकतो. आपल्याकडे साडेचार वर्षं आणि मग इंटर्नशिप, सगळ्यांना सारखीच. त्यामुळे हात बसला नसला तरी पान भरावंच लागतं. मुलीला एवढंच सांगा : सही घेण्याआधी सरांना ‘माझं काय चुकलं?’ हे विचारत जा.