पाण्याखालचा श्वास : कौतुक करावे, अनुकरण नको

कॉलेजच्या मुलांना क्रिकेटखेरीज दुसरे काही सुचत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. हल्ली दवाखान्यात येणारी काही मुले जलतरण स्पर्धांचे निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत तोंडपाठ सांगतात. कोण कोणत्या विद्यापीठाकडून पोहला, कोणाचा विक्रम कोणी मोडला, हे त्यांना ठाऊक असते. मोबाइलवर एकच शर्यत ती दहादा पाहतात. मला हे मनापासून आवडते. पोहण्यासारखा व्यायाम नाही, आणि ज्याचे कौतुक वाटते त्याकडेच मूल वळते.

कौतुक करण्याजोगे आपल्याकडे आहेही पुष्कळ. जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. पोहणारा विद्यार्थी आधी आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय आणि शेवटी आंतरविद्यापीठ अशा पायऱ्या चढतो. २०२० साली भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या. त्यात पंजाब विद्यापीठ पहिले आणि आपले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसरे आले. दोघांची सुवर्णपदके सारखीच, १७. साध्वी धुरीसारख्या जलतरणपटूंचा त्यात मोठा वाटा होता. कोल्हापूरचा वीरधवल खाडे तर सर्वांच्या ओळखीचा. २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. १९८६ साली खजानसिंगने रौप्य आणल्यानंतर २४ वर्षांनी भारताला पोहण्यातले ते पदक मिळाले. पुढे २०१८ साली जकार्ताला ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये तो २२.४७ सेकंदांत पोहला आणि चौथा आला. तिसऱ्याची वेळ होती २२.४६. ही हळहळ मुलांच्या तोंडून अजून ऐकू येते.

या कौतुकाबरोबर एक खूळही शिरले आहे, आणि आजचा लेख त्यासाठी आहे. मध्यंतरी एका कॉलेजकुमाराने मला विचारले, "डॉक्टर, दम वाढवायला एखादे टॉनिक आहे का? मी बुडी मारण्याआधी तीस-चाळीस वेळा जोरजोरात श्वास घेतो. मग पाण्याखाली बराच वेळ श्वास घ्यावासाच वाटत नाही." हे तो अभिमानाने सांगत होता. त्याच्या मित्रांत पैज लागते, पाण्याखालून कोण जास्त लांब जातो याची. प्रेरणा कोणाची, तर लिऑं मार्शां या फ्रेंच जलतरणपटूची.

मार्शां हा अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठाचा विद्यार्थी होता. मायकेल फेल्प्सला घडवणारे बॉब बोमन हेच त्याचेही प्रशिक्षक. २०२४ च्या मार्चमध्ये त्याच्या विद्यापीठाने अमेरिकन कॉलेजांचे विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने चार सुवर्णपदके जिंकली, त्यातली दोन एकाच संध्याकाळी. भिंतीला पाय मारून तो पाण्याखाली जातो आणि इतर सर्वांची डोकी वर आली तरी त्याचे येत नाही. वर येतो तेव्हा तो पुढे असतो. बघणाऱ्याला वाटते, काय हा दम! अमेरिकेतल्या कॉलेजांच्या स्पर्धा २५ यार्डांच्या, म्हणजे २३ मीटरला थोड्या कमी लांबीच्या तलावात होतात. तेथे वळणे जास्त, म्हणून पाण्याखालचे पोहणे आणखीच डोळ्यांत भरते.

येथेच पाहणाऱ्यांची फसगत होते. नियमाप्रमाणे फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीपासून १५ मीटरच्या आत डोके पाण्याबाहेर यावेच लागते. एवढे अंतर अव्वल पोहणारा सहा-सात सेकंदांत कापतो. वाचकांनी घड्याळ लावून सात सेकंद श्वास रोखून पाहावा. दम्याचा रुग्ण सोडला तर कोणालाही जमेल. मार्शांचे कौशल्य दम धरण्यात नाही. हात डोक्यावर जुळवून शरीर बाणासारखे सरळ ठेवायचे आणि छातीपासून पावलांपर्यंत माशासारखी लाट काढायची, यात ते आहे. पृष्ठभागावर पोहणारा स्वतःच लाटा उठवतो आणि त्या लाटाच त्याला मागे ओढतात. थोडे खाली गेले की तो विरोध कमी होतो. हे सारे कंबरेचे, पायांचे आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम आहे.

या १५ मीटरच्या नियमामागेही एक कॉलेजकुमार आहे. हार्वर्डचा डेव्हिड बेरकॉफ १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या सुरुवातीला ३० मीटरहून अधिक अंतर पाण्याखालूनच गेला. अंतिम शर्यत जपानच्या दाइची सुझुकीने जिंकली, तोही बराचसा पाण्याखालून. त्यानंतर बॅकस्ट्रोकला आधी १० आणि पुढे १५ मीटरची मर्यादा आली. १९९८ पासून ती फ्रीस्टाईल आणि बटरफ्लायलाही लागू झाली. पोहण्याची शैली टिकावी असा त्यामागे विचार होता. डॉक्टर या नात्याने मला तो नियम वेगळ्याच कारणासाठी पटतो.

ते कारण समजून घेण्यासाठी शरीराची एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. श्वास रोखला की थोड्या वेळाने जीव घाबरा होतो आणि श्वास घ्यावाच लागतो. प्राणवायू संपत आला म्हणून असे होते, असा आपला समज असतो. तसे नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की मेंदूतले श्वासकेंद्र घंटा वाजवते. प्राणवायू कमी झाल्याची घंटा फार क्षीण असते. निसर्गाने पहारेकरी बसवला आहे तो कार्बन डायऑक्साइडवर.

आता बुडी मारण्यापूर्वी कोणी तीस-चाळीस वेळा जोरजोरात श्वास घेतला तर काय होईल? निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के प्राणवायूने भरलेले असते. त्यात नव्याने भर पडायला जागाच नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर जातो आणि खूप कमी होतो. म्हणजे शिदोरी वाढली नाही, पहारेकऱ्याला तेवढे झोपवले. मग हा मुलगा पाण्याखाली जोरात पाय मारतो. स्नायू प्राणवायू भराभर खातात. कार्बन डायऑक्साइड घंटा वाजण्याइतका वाढण्याच्या आधीच प्राणवायू मेंदूला अपुरा पडतो आणि मुलाची शुद्ध हरपते. गुदमरल्यासारखे वाटत नाही, घाबरल्यासारखे वाटत नाही. काहींना तर या क्षणी फार हलके आणि छान वाटते. "श्वास घ्यावासाच वाटत नाही" असे तो कॉलेजकुमार म्हणाला, ते नेमके हेच. त्याला जी कमाई वाटत होती ती खरी धोक्याची खूण होती.

जमिनीवर अशी मूर्च्छा आली तर श्वास आपोआप सुरू होतो आणि माणूस उठून बसतो. पाण्यात तोच आपोआप घेतलेला श्वास फुफ्फुसात पाणी नेतो. आरडाओरडा नाही, हातपाय मारणे नाही. काठावरचे मित्र समजतात, अजून दम धरून आहे, पैज जिंकणार! प्राणवायूची शिल्लक आधीच संपलेली असल्याने मेंदूला इजा व्हायला दोन-तीन मिनिटेसुद्धा पुरतात. असे बळी बहुधा चांगले पोहणाऱ्यांतच जातात, कारण ज्याला पोहता येत नाही तो या फंदात पडत नाही. "त्याला तर उत्तम पोहता येत होते" हे वाक्य अशा घरी हमखास ऐकायला मिळते.

आपल्या भागात तरणतलाव थोडे आणि विहिरी, बंधारे, शेततळी फार. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली माझी पिढी. तळाची माती मुठीत धरून वर आणण्याची पैज तेव्हाही लागायची. तिच्यात आणखी एक धोका आहे. विहिरीला पाच-सहा परस पाणी असेल, तर तळाशी पाण्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. त्या दाबामुळे फुफ्फुसातला उरलासुरला प्राणवायू रक्तात ढकलला जातो आणि तळाशी सारे ठीक वाटते. वर येताना दाब उतरतो आणि प्राणवायूही एकदम कमी पडतो. म्हणून शुद्ध जाते ती शेवटच्या काही फुटांत, काठावरच्यांना माथा दिसू लागलेला असताना. आणि गढूळ पाण्यात पुन्हा खाली गेलेले मूल सापडत नाही.

तेव्हा पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी पाण्याखाली श्वास रोखण्याच्या पैजा साफ बंद कराव्यात. माझ्या मते हा शिस्तीचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. डॉल्फिन किक शिकायची असेल तर जरूर शिकावी, पण प्रशिक्षकासमोर, १५ मीटरच्या आत आणि दर खेपेनंतर श्वास पूर्ववत होईपर्यंत थांबून. बुडीपूर्वी नेहमीसारखे एक-दोन श्वास पुरेत. एक जण पाण्याखाली असताना दुसऱ्याने काठावरून त्याच्यावरच नजर ठेवावी, मोबाइलवर नव्हे. फेफऱ्याचा आजार असलेल्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून पाण्यात उतरू नये. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तेथे चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर कायमचे सोडून ठेवावेत.

एवढे करूनही कोणी बुडालाच तर काय करावे? आधी दोर, बांबू किंवा हवा भरलेली ट्यूब त्याच्याकडे टाकावी. न पोहता येणाऱ्याने उडी मारू नये, एकाच्या जागी दोन जातात. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, खांद्यावर घेऊन गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार खेडोपाडी अजून चालतात. त्यात लाखमोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाते. त्याला कठीण जागेवर उताणे निजवावे. हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगून आपण लगेच कामाला लागावे. डोके मागे झुकवून हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरावे आणि तोंडाला तोंड लावून पाच वेळा श्वास द्यावा. छाती वर उचललेली दिसली पाहिजे. बुडालेल्याला प्राणवायूचीच वाण असते, म्हणून आधी श्वास. मग छातीच्या मधोमध तळहात ठेवून ३० वेळा दाबावे, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा तो हालचाल करून श्वास घेऊ लागेपर्यंत थांबू नये. दमल्यास दुसऱ्याने हात द्यावा.

शुद्धीवर आला, बोलू लागला, चहा मागू लागला, म्हणून त्याला घरी नेऊ नये. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याने काही तासांनंतरही सूज येऊन धाप लागू शकते. त्याला थेट दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टर घरी जा म्हणेपर्यंत तेथेच राहू द्यावे.