एकट्या मामाच्या घरचे मूल

वाचन : एस्तेरचा ग्रंथ, अध्याय २



एस्तेर राणीची कथा आपल्याला ठाऊक आहे. पण राणी होण्यापूर्वी ती एक पोरकी मुलगी होती, हे आपण घाईने वाचून पुढे जातो. तिचे मूळ नाव हदस्सा. आईवडील वारल्यावर चुलतभाऊ मर्दखय याने तिला मुलगी मानून वाढवले. त्याच्या पत्नीचा उल्लेख ग्रंथात कोठेच येत नाही. परक्या शूशन शहरात एक पुरुष आणि एक लहान मुलगी, एवढेच ते घर. पुढे तिला राजवाड्यात नेले, तरी तो दररोज अंतःपुराच्या अंगणासमोर फेऱ्या घालून तिची खबर घेत असे (२:११). मेजवान्या आणि राजाज्ञा यांपेक्षा आम्हाला या फेऱ्याच अधिक भावतात.

नागापूरला एमआयडीसीत कामाला असलेल्या एखाद्या अविवाहित मामाच्या पदरी बहिणीचे पोरके लेकरू अचानक येते, तेव्हा आपण काय म्हणतो? “लग्न कर, बायको आली की सांभाळील,” नाहीतर “बोर्डिंगमध्ये ठेव.” सल्ला मायेचाच असतो, पण ‘तुला हे जमायचे नाही’ असेही आपण त्यातून सांगून टाकतो. आणि आईबाप गमावलेल्या लेकराला पुन्हा एकदा घर बदलावे लागते.

मायेबरोबर कागदही हवेत. शाळेत, दवाखान्यात, बँकेत ‘पालक कोण?’ हा प्रश्न येतोच. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपणा ख्रिस्ती लोकांना लागू नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते. मात्र त्यात एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. मर्दखय आज इथे असता तर त्यालाही ही वाट बंद होती! त्याच्यासाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. त्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून मामाला भाचीचे कायदेशीर पालकत्व मागता येते.

खर्चासाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या अनाथ मुलांनाही ती मिळते. २०२३ मध्ये तिची रक्कम वाढवून दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावा. निर्णय बाल कल्याण समिती देते. आईवडिलांचे मृत्यूचे दाखले आणि मुलाचा जन्मदाखला आधीच काढून ठेवावा. अशा कागदांसाठी कामावरच्या माणसाचे खाडे होतात. आपल्यातील निवृत्त मंडळींनी त्याच्याबरोबर कचेरीत जावे, एखादा फॉर्म भरून द्यावा.

आणखी एक. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री उशिरा घरी येतो. तोवर ते मूल कोणाकडे जेवेल, कोणाच्या घरी अभ्यासाला बसेल, हे शेजारच्या दोन-तीन कुटुंबांनी मामाला विचारून आजच मिस्सानंतर ठरवून टाकावे.