मध्य कोठें आहे?

भिंतीवर तसबीर टांगतांना ती नीट बसली कीं नाहीं, हें आपण डोळ्यांनीं ठरवितों. मोबाइलच्या ॲपची रचना करणारास मात्र तें यंत्राकडून गणितानें करवून घ्यावें लागतें. आपल्यांपैकीं पुष्कळ विद्यार्थी हल्लीं संगणकाचा अभ्यास करतात. त्यांस उपयोगी पडावें म्हणून बटणावर मराठी शब्द वरखालीं समान अंतर राखून कसा बसवावा, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

मूळ नियम सोपा आहे. चौकटीच्या उंचींतून आंतील वस्तूची उंची वजा करावी व बाकीचे दोन समान भाग करावे. बटण ४८ एकक उंच व ‘देवळा’ या शब्दाची ओळ २४ एकक उंच असेल, तर बाकी २४. म्हणून वर १२ व खालीं १२.

नियम ठाऊक असूनहि शब्द वरच चिकटून राहतो, अशी नवशिक्यांची तक्रार असते. तिचीं कारणें बहुधा दोन. पहिलें, बाहेरची चौकट आंतल्या वस्तूएवढीच उंच ठेवलेली असते. बाकी शून्य, तर तिचे भाग काय करणार? प्रथम चौकटीस उंची द्यावी. दुसरें, आज्ञा भलत्या ठिकाणीं दिलेली असते. अँड्रॉइडमध्यें ‘ग्रॅव्हिटी’ ही आज्ञा चौकटीच्या आंतील मजकूर हलविते. ‘लेआउट ग्रॅव्हिटी’ ही ती चौकटच तिच्या बाहेरच्या चौकटींत हलविते. फ्लटरमध्यें ‘कॉलम’ची मुख्य दिशा उभी, तर ‘रो’ची आडवी. म्हणून उभा मध्य साधण्याची आज्ञा पहिल्यांत मुख्य अक्षास व दुसऱ्यांत त्यास छेदणाऱ्या अक्षास द्यावी लागते.

आतां आपल्या लिपीकडे वळूं. रोमन अक्षरें खालच्या रेषेवर उभीं असतात. आपलीं अक्षरें शिरोरेषेस लोंबतात. रेषेच्या वर मात्रा, वेलांटी व अनुस्वार. अक्षराच्या पायाशीं उकार. ‘देवळा’ यास वर मात्रा आहे, खालीं कांहीं नाहीं. ‘पुसा’ यास खालीं उकार आहे, वर कांहीं नाहीं. प्रत्येक शब्द निराळा मोजून मध्य काढला, तर शेजारच्या बटणांच्या शिरोरेषा वरखालीं होतील. यास्तव अक्षरसंचानें सर्व चिन्हांसाठीं राखलेली पूर्ण ओळच मध्यावर ठेवावी. जावजी दादाजी यांनीं १८६९ मध्यें मुंबईंत स्थापिलेला निर्णयसागर छापखाना आपल्या सुबक देवनागरी खिळ्यांसाठीं प्रसिद्ध होता. शिशाच्या त्या खिळ्यांसहि मात्रेस वर व उकारास खालीं जागा ठेवावीच लागे.

ही जागा कित्येकांस व्यर्थ वाटते व ते ती छाटतात. परिणाम काय होतो? अनुस्वार कापला गेला कीं ‘चिंता’ची ‘चिता’ होते; उकार गेला कीं ‘पुत्र’ जाऊन ‘पत्र’ उरतें. दृष्टि मंद झाल्यामुळें आजोबांनीं अक्षरें मोठीं केलीं आणि बटणाची उंची मात्र ठाम बांधलेली असली, तर हाच प्रकार घडतो. म्हणून बटणास ठराविक उंची न देतां किमान उंची द्यावी. अक्षर वाढेल तसें बटणहि वाढेल.

विद्यार्थ्यांनीं ‘मूर्ती’ हा शब्द घेऊन परीक्षा करावी. त्यांत वर रफार व वेलांटी आहे, खालीं ऊकारहि आहे. अक्षरें सर्वांत मोठीं करून तो बटण घरच्या वडील माणसांस दाखवावें व वाचावयास सांगावें. आपल्या देवळा तालुक्यांतील उमराण्याच्या बाजारांत कांदा नेणारा शेतकरी मोबाइलवर भाव पाहतो, तेव्हां त्यास शोभेपेक्षां पूर्ण अक्षराची गरज अधिक असते. गणितानें काढलेला मध्य वाचणारास अक्षर स्पष्ट दिसलें तरच खरा.